घरी कळवायचं काम

आमच्या दवाखान्यात कापूस संपायचा, आयोडीन संपायचं. किस्से मात्र साठतच जायचे. पिंपरीच्या एका कंपनीतला हा दवाखाना. माणसं तीन: डॉक्टरसाहेब, कंपाउंडर शिंदेमामा आणि मी, ड्रेसर. शाळा आठवीत सुटली, पट्टी बांधायला इथंच शिकलो. कामगाराला मार लागला, त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, की त्याच्या घरी कळवायचं कामही माझंच. कुणाच्याच घरी फोन नव्हता. शिंदेमामा म्हणायचे, "तुझ्याकडे सायकल आहे, आणि चेहरा गरीब आहे!"

जखमेची मला कधी भीती वाटली नाही. दाराची कडी वाजवण्याआधी मात्र मी सायकलचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघायचो.

पहिलंच घर काळेवाडीचं. नवऱ्याचं बोट प्रेस मशीनमध्ये गेलेलं. मी नुसतं "कंपनीतून आलोय" म्हणालो. बाईंनी चहा ठेवला. मी प्यालो, "बरं, येतो" म्हणालो आणि परत!

डॉक्टरांनी विचारलं, "सांगितलंस?"

"चहा घेतला, साहेब."

त्यांनी पुन्हा पिटाळलं. जाऊन बघतो तर बाई पिशवी भरून दारात उभ्या. "बशी वाजत होती तुमच्या हातात," त्या म्हणाल्या. "कुठं नेलंय, तेवढं सांगा."

मग शिंदेमामांनी युक्ती दिली. "सुरुवातीलाच म्हणायचं, काळजीचं काही नाही!" तळवड्यात एका म्हातारीला तसंच म्हणालो. तिच्या मुलाच्या पायावर लोखंड पडलं होतं.

"काळजीचं न्हाई, मग एवढ्या उन्हाचा सायकल दामटीत कशाला आलास रं?"



पुढं पुढं सायकलच ओळखीची झाली. एकदा काळेवाडीत चेन पडली म्हणून उतरलो, तर चार बायका भोवती!

"कोणाकडे, भाऊ?"

"कुणाकडेच नाही. चेन पडलीय."

पटेचना! चौघी माझ्या मागून चालत गेटपर्यंत आल्या आणि शिफ्ट सुटेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. आपापला माणूस धडधाकट बघितला, तेव्हा मला शिव्या घालत गेल्या. इतक्या गोड शिव्या मी कधी खाल्ल्या नव्हत्या.

माझा थोरला भाऊ, दादा, त्याच कंपनीत प्रेसवर होता. एका सकाळी त्याला आणलं. उजवा हात. पट्टी मीच बांधली. गाडी त्याला घेऊन गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुझ्या घरी शिंदेंना पाठवतो."

"नको, साहेब. माझं काम आहे."

आई दारात बसून तांदूळ निवडत होती. वहिनी आत भाकरी थापत होती. मला अवेळी बघून आई जराही दचकली नाही.

"आज कोणाकडे निघालास रे?" ती म्हणाली. "तोंड बघ कसं झालंय! ये, दोन घास खाऊन जा. उपाशीपोटी कसं सांगशील त्यांना?"

वहिनीनं ताट वाढलं. मी हात धुऊन बसलो.