गावपळणीतला माझा शेवटचा पाठ

दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की आचऱ्याचा अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस झोपड्या घालून राहतो. ही गावपळण. इथल्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक. ठाऊक नव्हती ती आमच्या बी.एड. कॉलेजला. त्यांनी माझा शेवटचा परीक्षापाठ नेमका त्याच दिवसांत ठेवला, आणि मी जिथे शिकवायला शिकत होते त्या शाळेच्या मोठ्या बाईंनी खुशाल होकार कळवला!

मी कपाळावर हात मारला. "बाई, शाळा बंद असणार! पाठ बुडाला तर माझं वर्ष बुडालं!"

"बंद कित्याक? जंय पोरां, थंय शाळा," बाई म्हणाल्या. "तू कित्याक रडतंस गो?"

रडू नको तर काय करू? चार दिवस खपून रंगवलेले तक्ते शाळेत कुलुपात, आणि आता वेशीच्या आत पाऊल टाकायची सोय नाही.

पाठाच्या दिवशी परीक्षक सरांचा घाबराघुबरा फोन आला. "अहो, गावात चिटपाखरू नाही! काय झालंय?"

"सगळे मजेत आहेत सर, वेशीबाहेर या!"

सर आले. पाठ सातवीचा, क्षेत्रफळाचा. टेप नव्हती, म्हणून बाईंच्या बोकडाचं दावं सोडलं, हाताहातावर गाठी मारल्या आणि म्हटलं, चला, झोपड्या मोजा! मग काय विचारता! आमची मोठी, आमची मोठी म्हणून कल्ला. एक मुलगी कंबरेवर हात ठेवून ओरडली, "मेल्या, तुमची नुसती लांब आसा, मोठी खंय?" अगं बाई! हेच शिकवायला मी तक्ते रंगवले होते. दाव्याचं दुसरं टोक धरून सरही वाकून मोजत होते. मला हसू आवरेना.

एवढ्यात मोकळा बोकड सुटला तो थेट गावाकडे. बायका ओरडल्या, झोपड्यांपुढे चाललेलं भजन थांबलं, बाई पदर खोचून त्याच्यामागे धावल्या. झालं! मूल्यमापनाच्या कागदावर कॉलेजचा आणि शाळेचा, दोन्ही शेरे लागत होते आणि कागद बाईंच्या हातात होता.

वेशीपाशी बोकड पकडून बाई धापा टाकत परतल्या. एरवी कचेरीच्या कागदावर शुद्ध मराठीच लिहिणाऱ्या बाईंनी 'वर्गनियंत्रण' या रकान्यात लिहिलं, 'बोकड पळालो. पोर एक हललां नाय.'

सरांनी ते दोनदा वाचलं, खो खो हसले आणि खाली लिहिलं, 'सहमत. उत्तीर्ण.'

मी बोकडालाच कडकडून मिठी मारली.