चहाचं तेल

आमच्या फाट्यावरच्या माशा ज्यानं पाहिल्या नाहीत, त्यानं माशी पाहिलीच नाही. पावसाळा सरता सरता त्या एवढ्या माजतात की ताटातलं भजं दोघी मिळून उचलून नेतात आणि तिसरी परत येऊन चटणी मागते. पंचायतीला उभ्या राहिल्या असत्या तर बिनविरोध आल्या असत्या. हे मी शपथेवर सांगतो. आता माझ्या शपथेवर गावातलं कुत्रंही शेपूट हलवत नाही, पण ते असो.

याच फाट्यावर, घाटनांदूरच्या रस्त्याला, माझ्या वहिनीनं चहा-भज्याचं हॉटेल टाकलं. हॉटेल म्हणजे वर चार पत्रे, खाली दोन बाकडी. ती आणि माझा थोरला भाऊ बारा वर्षं ऊसतोडीला जात होते. आमच्याकडं अशा नवराबायकोला जोडपं म्हणत नाहीत, ‘एक कोयता’ म्हणतात. पण वहिनीचा गुडघा आता डोक्यावर मोळी घेऊ देत नव्हता. दसऱ्यापर्यंत हॉटेलनं जीव धरला तर तोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमाला नाही म्हणायचं. नाही धरला, तर पुन्हा कोयता.

तिला धास्ती होती ती माशांची. “भावजी, भज्यावर माशी दिसली की गिऱ्हाईक आल्या पावली परततंय बगा.”

“माशाच ना? जिल्ह्याबाहेर घालवतो!”

बीडला अत्तराच्या दुकानातून मी गवती चहाच्या तेलाची बाटली आणली. दुकानातल्या चाचांनी झाकण लावता लावता बजावलं, “पोंछे के पानी में चार बूँद. पेट में नक्को, हाँ भाई.” एवढीशी गोष्ट मी गावात जशीच्या तशी कशी नेणार? एसटीत बसल्या बसल्याच ती फुगायला लागली. वहिनीच्या हातात बाटली पडेपर्यंत ते निजामाच्या खानसाम्याचं खासगी तेल झालं होतं.

“कसलं म्हणायचं हे?” वहिनीनं हुंगून विचारलं.

“चहाचं तेल. चार थेंब टाकायचे, माशी परळीपर्यंत मागं वळून बगत न्हाई.”

“पण टाकायचे कशात?”

“कशातबी टाका! अवो, निजाम सकाळी उठून चमच्यानं प्यायचा हे.”

आमच्याकडं परसातल्या गवती चहाची पात चहात टाकतातच. मी चहाचं तेल म्हणालो, तिनं चहात टाकलं. तिचं काय चुकलं?

पहिल्या दिवशी गावातली जाणती माणसं फुकट चहाला बोलावली होती. सरपंच होते, मुकादम होता. वहिनी ठेवणीतली साडी नेसून उभी. माणसं जास्त म्हणून तिनं भगुन्यात चाराच्या जागी आठ थेंब टाकले. सरपंचांनी पहिला घोट घेतला आणि त्यांच्या मिशा सरळ उभ्या राहिल्या.

“चहा हाय का साबणाचं पानी बे हे?”

एक म्हातारबा तोंड दाबून पत्र्यामागं पळाले आणि तिथंच ओकले. मुकादमानं पेला खाली ठेवला, हसला आणि म्हणाला, “जाऊ द्या. बाईच्या हातात कोयताच शोभतोय.”

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की, मीच सांगितलं, प्यायलं तरी चालतं म्हणून. साध्या बेडकाचा हत्ती करणारी माझी जीभ तेवढी खरी गोष्ट सोडून बाकी सगळं बोलली. “हजारदा सांगितलं वहिनीला, फडक्यानं बाकडी पुसा याच्या पान्यानं. बाईमाणसाला ऐकायची सवय कुठाय!”

सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं अजून माझ्या तोंडाला कडू लागतं.

वहिनीनं भगुनं नालीत रिकामं केलं, घासलं आणि नवा चहा ठेवला. तो फार चांगला झाला होता, पण प्यायला कुणी थांबलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं माझं लोकांसमोरचं बोलणं खरं मानून त्या तेलाच्या पाण्यानं बाकडी पुसली. माशा हटल्या, देवाशपथ हटल्या. गिऱ्हाईकही हटलं. गावानं ‘साबणाचं हॉटेल’ नाव ठेवलं होतं ना. मी दिवसाला दहा-दहा चहा पिऊन मोठमोठ्यानं वाखाणत बसायचो. पण मी वाखाणतोय म्हटल्यावर उरलेसुरलेही बिचकायचे.

दसरा झाला आणि मुकादमाचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, चार-पाच कोयते चढले, भाऊही चढून बसला. तेव्हा मला राहवलं नाही. ट्रॉलीपुढं उभा राहून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, “चूक माझी होती! दुकानदारानं पोटात घेऊ नका म्हणून बजावलंतं. मीच वहिनीला प्या म्हणलो!”

ट्रॉली खदखदून हसली. कुणीतरी वरून म्हणालं, “लई भारी! आता ही नवी कवा रचली बे?”

वहिनी तेवढी हसली नाही. माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “त्या दिवशी बोलायचं होतं, भावजी. त्या दिवशी मुकादमानंबी खरं मानलं असतं.”

मग ती चढायला वळली. मी हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. गुडघ्यावर तळवा दाबून तीच एकेक पाय वर घेत चढली.