आतून लावायची कडी

बाबांचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. बाबा फोनवर एरवीही फार बोलत नाहीत. त्या दिवशी दोनच वाक्यं बोलले. "सिंधूकाकू गेल्या. कडी तोडावी लागली." पहिल्यापेक्षा दुसरं वाक्य मला जास्त लागलं... कारण ती कडी बाजारातून मी आणली होती आणि दाराला बाबांनी बसवली होती.

बाबा जिला काकू म्हणायचे ती माझी सिंधूमावशी आमच्या नात्यातली नव्हती. भिलाईत विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांचं आमचं एक मंडळ आहे. सेक्टरमधल्या त्याच्या हॉलमध्ये गणपती बसतो, आणि गणपतीच्या स्वयंपाकघरात मावशी दरवर्षी असायची. तिचे यजमान भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते. ते निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, मग वैशाली नगरात भाड्याची खोली, मग ते गेले, आणि पुढे घरमालकाने घर पाडून नवीन बांधायला काढलं. मूलबाळ नव्हतं. हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं. त्या वर्षी विसर्जन झालं, सगळे घरी गेले आणि मावशी गेलीच नाही. ती भांडी घासत होती, सतरंज्या वाळवत होती, म्हणून कोणाला वेगळं वाटलं नाही. शेवटी आईने विचारलं, "मावशी, घरी नाही जात का?" ती म्हणाली, "जाईन ना. घर भेटलं का जाईन."

मंडळाने तिला वाऱ्यावर सोडलं असं मी म्हणणार नाही. सजावटीचं सामान ठेवायची मागची खोली तिला दिली. आरतीच्या पाळ्या असतात तशा डब्याच्या पाळ्या लावल्या, आज या घरचा, उद्या त्या घरचा. मावशी हसून म्हणायची, "मी का गणपती आहो? अन् त्यालेही दहा दिवसांत बुडवता तुमी." पण ती खोली मुळात गोदामाची, त्यामुळे कडी फक्त बाहेरून. कोणी खुर्च्या न्यायला यायचं, कोणी ढोल, कोणी चादर नाहीतर गोळ्या घेऊन. चांगलीच माणसं होती, पण दार वाजवायचं कोणाच्या लक्षात यायचं नाही. एकदा मी डबा घेऊन गेले, तर ती पदर दातात धरून, एक पाय दाराला लावून साडी नेसत होती. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. नंतर ती येऊन शेजारी बसली. माझं मराठी शाळेतलं नाही, घरातलं. चारचौघांत ते अडखळतं, म्हणून मी गप्पच असते. तिला ते चालायचं. "तू बोलत नाहीस तं बरं वाटते मले," ती म्हणाली. "बाकीचे आले का उपकार मानत बसावं लागते."

तिने मंडळाकडे एकच गोष्ट मागितली, आतून लावायची कडी. त्यावर मीटिंग झाली. बाबा सचिव होते. ते समजावून म्हणाले, "काकू, आतून लावली अन् काही झालं तर आमाले कसं समजंल?"

"अन् बाहेरून कोणी लावली तर मले कसं समजंल?"

लोक हसले. मग कोणीतरी दुर्गच्या बाजूला, बोरसीकडे असलेल्या एका वृद्धाश्रमाचा विषय काढला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मी मागच्या खुर्चीवरून म्हटलं, की मावशीची इच्छा नसेल तर आपण कसं पाठवू शकतो. पुढे बसलेले कमिटीतले देशमुखकाका मागे वळले. "बेटा, हे इंग्लिश मीडियमचे हक्क आपल्या जागी ठीक आहेत. उद्या म्हातारी थंडीनं गेली तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील." तेही खोटं नव्हतं. मावशी आश्रम पाहायला गेली आणि त्याच संध्याकाळी बसने परत आली. "चांगलं आहे तिथं. खाटा आहेत, पंखे आहेत. एका हॉलमंदी सगळ्या बाया. आपलं म्हणावं असं दार तेवढं नाही."

पुढच्या रविवारी मी पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून कडी आणून टेबलावर ठेवली. बाबांनी ती हातात फिरवून पाहिली आणि ड्रिल मशीन काढलं. कमिटीला त्यांनी नंतर सांगितलं. कडी बसल्यावर मावशीने आम्हाला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "जा आता तुमी." तेव्हापासून दार वाजवलं की ती "कोण आहे?" असं विचारायची. पायांच्या आवाजावरून तिला कळायचं, तरी विचारायची, आणि मग सावकाश उघडायची. कधी म्हणायची, "आत्ता नाही, मग या." असं म्हणताना ती खूश असायची, हे दाराबाहेरूनही समजायचं.

ती गेली त्या दिवशी डबा आमच्या घरचा होता. बाबांनी सकाळी दार वाजवलं. "कोण आहे?" आलं नाही. झोपली असेल, आपण कशाला उठवायचं, म्हणून ते डबा पायरीवर ठेवून परतले. दुपारी डबा तसाच होता.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच झोपेत गेल्या, कडी नसती तरी फरक पडला नसता. डॉक्टर आपल्याला बरं वाटावं म्हणूनही तसं म्हणतात... मला माहीत नाही. मंडळातले लोक म्हणतात, "म्हणूनच सांगत होतो." कडी नसती तर तिला कोणीतरी सकाळीच पाहिलं असतं, हे खरं आहे. त्याआधी रोज कोणीही, केव्हाही पाहिलं असतं, हेही खरंच आहे. या दोन खऱ्या गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या, ते मला येत नाही.

मागच्या रविवारी मोडलेलं दार दुरुस्त करायला सुतार आला. खोलीत आता पुन्हा मखराचं सामान आहे. मी बाबांबरोबर गेले होते. सुताराने बाहेरची कडी ठोकून बसवली आणि विचारलं, "साहब, अउ भीतर?" म्हणजे, आतूनही लावायची का?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"भीतर कोई रहेगा क्या?" सुताराने मला विचारलं.

"अभी तो कोई नहीं," मी म्हटलं. "फिर भी लगा दो."

त्याने खांदे उडवले आणि ड्रिल सुरू केलं. दार हलू नये म्हणून बाबांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.