सोमवारचा पाऊस

ढगाला वार कळत नाही, एवढी साधी गोष्ट समजायला मला तीन वर्षं आणि माझी आत्या लागली.

माझं काम ढगांचं. म्हणजे खऱ्या नव्हे, संगणकातल्या. पुण्यातल्या एका संस्थेत मी कंत्राटावर होतो आणि कोल्हापूरच्या आभाळाचं मॉडेल तयार करत होतो. कुठला ढग बरसेल, कुठला गगनबावड्याकडून नुसताच येऊन निघून जाईल, हे गणितानं सांगायचं. कंत्राट तीन वर्षांचं. तेवढ्यात एखादा दणदणीत शोधनिबंध निघाला तर नोकरी कायम, नाहीतर नमस्कार. माझं लग्न, आईची झोप आणि आत्याचे सोमवारचे उपवास, सगळं त्या 'कायम'वर टांगलेलं होतं.

संगणकातला पाऊस बरोबर की चूक हे ठरवायला खरा पाऊस मोजावा लागतो. म्हणून मी कोल्हापूरजवळच्या उचगावला आत्याच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला. एवढं मोठं नाव, पण वस्तू साधी: सिमेंटच्या ओट्यावर एक नळकांडं, वर नरसाळं, आत पाणी साठायला बाटली. उचगावात आता पत्रा न टाकलेलं तेवढंच एक अंगण उरलंय. शिवाय आत्या दोन म्हशींचं दूध डेअरीला घालणारी, मापाची पक्की बाई. तिला मी बजावलं होतं, रोज सकाळी साडेआठला आत असेल तेवढं पाणी मोजायचं, कॅलेंडरवर लिहायचं, बाटली रिकामी करायची. मनानं कमी-जास्त काही करायचं नाही.

"मापात पाप करत न्हाय मी," आत्या म्हणाली. "डेअरीत इचार जा."

पावसाळा संपला की यंत्र माळ्यावर जायचं आणि कॅलेंडर माझ्याकडे यायचं. दोन पावसाळ्यांचे आकडे मांडले आणि मी खुर्चीतून उठलोच. मंगळवारी सकाळी मोजलेलं पाणी, म्हणजे सोमवारचा पाऊस, इतर दिवसांपेक्षा कायम जास्त. आणि सोमवार म्हणजे आमच्याकडं कारखान्यांची सुट्टी. लोखंड ओतायच्या फाउंड्र्या बंद, धूर बंद, हवेतले कण कमी. ढगातल्या वाफेला थेंब होण्यासाठी कण लागतात. कण वाढले की तेवढीच वाफ सगळ्यांत वाटली जाते आणि थेंब बारके राहतात. पीठ तेवढंच असून पाहुणे वाढले की भाकरी लहान होते, तसं. बारका थेंब खाली पडत नाही. सोमवारी पाहुणे कमी, थेंब मोठे, म्हणून पाऊस. मी खोलीत एकटाच नाचलो, खोटं कशाला सांगू.

मग मी मॉडेलमध्ये सोमवार घातला. पहिल्यांदा पाऊस पडेना. मी कण कमी केले. तरी पडेना. थेंबांना जरा लवकर जड व्हायची सवलत दिली. असं गोंजारत, दटावत चार महिन्यांनी संगणकात दर सोमवारी उचगाववर पाऊस पडायला लागला. शेजारच्या गावांवर नाही, फक्त उचगाववर. तिथंच शंका यायला पाहिजे होती. पण हवं ते दिसायला लागलं की अक्कल चरायला जाते. नरसाळ्याच्या आत पिवळे डाग दिसले होते, त्यांनाही मी फाउंड्रीची धूळ म्हणून निबंधात जागा दिली.

बातमी पेपरात गेली. कशी गेली विचारू नका, मीच सांगितली होती. दुसऱ्या दिवशी एका फाउंड्रीवाल्याचा फोन आला.

"पावणं, सोमवारच्या पावसाचं सायब तुमीच न्हवं?"

"हो, मीच."

"सोमवारी आमची साच्याची वाळू उघड्यावर असती. भिजती सगळी. पाऊस मंगळवारवर ढकलता येतोय का बघा की."

मी म्हणालो, अभ्यास चालू आहे.

तिसरा पावसाळा सुरू होता. पुण्याचे साहेब खूश होते. म्हणाले, "हे छापून आलं की तुझं कायम झालंच समज. फक्त यंत्राचा एक चांगला फोटो जोड." म्हणून मी एका सोमवारी सकाळी मोबाईल घेऊन उचगावला गेलो.

आत्यानं साडेआठला पाणी मोजलं, कॅलेंडरवर लिहिलं, बाटली रिकामी करून परत ठेवली. अगदी शिकवलं होतं तसं. मग आंघोळ करून फुलपात्र भरून घेऊन आली. तुळशीला पाणी घातलं, घरात जाऊन फुलपात्र परत भरून आणलं आणि पर्जन्यमापकासमोर उभी राहिली. कडेला हळद-कुंकू लावलं, ओट्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं, अख्खं फुलपात्र नरसाळ्यात ओतलं आणि हात जोडले.

माझ्या हातातला मोबाईल तसाच राहिला.

"आत्या, काय करतीस हे?"

"पाणी घालते."

"त्यात?"

"तुझं पोट ह्येच्यावर हाय न्हवं? बसीवलास तवापासनं दर सोमवारी घालते. तुझी नोकरी कायम होऊ दे म्हणून नवस बोललेय मी."

"अगं, मग दुसऱ्या दिवशी ते मोजून लिहिलंस कशाला?"

"तूच म्हणालास की. आत असंल तेवढं लिव, मनानं कमी-जास्त करू नगो. असतंय, लिवते."

मी ओरडलो. काय काय बोललो ते आता लिहवत नाही. तुझ्या फुलपात्रानं माझं वाटोळं केलं, एवढं मात्र बोललो. आत्या रिकामं फुलपात्र घेऊन आत गेली आणि म्हशींच्या वैरणीला लागली.

मी ओट्यावर बसून बाटलीतलं पाणी मापात ओतलं. सात मिलिमीटर. माझ्या निबंधातला सोमवारचा जादा पाऊस बरोबर तेवढाच होता. तीन वर्षं मी ढगांना समजावत होतो आणि मॉडेल शेवटी आत्याचं फुलपात्र पाडायला शिकलं होतं. मला लाज वाटली. मॉडेलची वाटलीच, पण जास्त वाटली ती ओरडल्याची.

फोटो काढून गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दोन दिवस तसा गप्प बसलोही. तिसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा निबंध परत उघडून बघितला. मग म्हणाले, "पण मॉडेलमध्ये पडला होता ना पाऊस?"

"मी पाडला होता, सर."

नोकरी कायम झाली नाही. एक वर्ष वाढवून मिळालं, तेही जिल्ह्यातले पर्जन्यमापक तपासत फिरायला. कुरुंदवाडला एका घरी यंत्रावर छान पत्र्याचं छप्पर घातलेलं होतं. सरकारी वस्तू आहे, भिजून खराब व्हायला नको म्हणून. मी त्या घरातल्या लोकांना रागावलो नाही. चहा घेतला आणि आपल्या हातानं छप्पर उतरवलं.

आत्यानं त्या दिवसापासून यंत्राला पाणी घातलं नाही. त्या विषयावर बोललीही नाही. रोजचं माप मात्र एकदाही चुकलं नाही. मी माफी मागायला म्हणून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा म्हशींच्या दुधावर बोलून परत आलो.

पुढच्या पावसाळ्यात एका सोमवारी तिच्याकडं मुक्कामाला होतो. उघडीप होती. आत्यानं तुळशीला पाणी घातलं आणि यंत्राकडं न बघता घराकडं वळली.

"घाल की त्यालाबी," मी म्हणालो.

"नगो बाबा. तुझं गणित बिघडतंय."

मी तिच्या हातातलं फुलपात्र घेतलं, नळावर भरून आणलं आणि नरसाळ्यात ओतलं. हातही जोडले. काय मागावं ते सुचलं नाही, म्हणून आत्याकडं बघितलं. ती पदरानं डोळे पुसत होती. मग म्हणाली, "चल, च्या गार होतोय."

मंगळवारी सकाळी कॅलेंडरवर तिच्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: पाऊस न्हाय. पाणी सात, भाच्यानं घातलं.

ती नोंद मी आहे तशी पुण्याला पाठवली.