साडूच्या ताटातला धोंडा

मी एका माणसाला आग्रह करकरून जेवू घातलं. आमच्याकडे याला कुणी गुन्हा म्हणत नाही, उलट कौतुक होतं. पण वाढताना माझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. तो माणूस माझा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं वाईट व्हावं असं मला वाटत होतं, आणि ते मी पुरण भरून, वर तूप सोडून केलं.

मी तेव्हा शिरूरला मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी होतो. साडू दौंडला रेल्वेत, मालगाडीवर गार्ड. सासुरवाडी यवतला. मी थोरला जावई, तो धाकटा, आणि दोघंही अंगानं चांगलेच सुटलेले. त्या काळी जावई सुटला की सासूला समाधान वाटायचं. लेकीच्या घरी खायला-प्यायला आहे, असा त्याचा अर्थ. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. यवतला आम्ही गेलो की मामी, म्हणजे सासूबाई, दारातच म्हणायच्या, "थोरलं ते थोरलंच बाई. दारात मावंना झालं!" सगळे हसायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी दौंडला गेलो होतो. परत निघताना साडू स्टेशनवर सोडायला आला. फलाटावर वजनाचं यंत्र होतं. त्यावर उभं राहून नाणं टाकलं की आतले दिवे भिरभिरायचे आणि पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही दोघांनी वजन केलं. माझं थोडं जास्त भरलं. भविष्यात मला धनलाभ होता आणि त्याला परदेशगमन.

"परदेश कसला," तो म्हणाला, "साडूभाऊ, मला लाइनवरनं उतरवायला निघालेत."

मग त्यानं सांगितलं. रेल्वेच्या तपासणीत लघवीत साखर उतरली होती. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. वजन हळूहळू उतरवा, खाणं सांभाळा, रोज चाला; पुढच्या तपासणीत साखर दिसली तर गाडीवर पाठवता येणार नाही, कचेरीत बसावं लागेल. हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. मालगाडीचा शेवटचा डबा, त्यातली त्याची पत्र्याची पेटी, झेंडे, कंदील, मागं पळत जाणारे रूळ, यावर त्याचा फार जीव होता. बायकोनंतर तोच त्याचा संसार, असं मेहुणी म्हणायची.

"आपण दोघं मिळून करू," तो म्हणाला. "एकट्यानं मला जमायचं न्हाई. तुम्ही तिकडं, मी इकडं. धोंड्याच्या महिन्यात यवतला भेटू तवा बघू कोण किती उतरलंय."

त्यानं सोबत मागितली होती. मी ती शर्यत समजलो.

शिरूरला परतल्यावर मी दुसऱ्याच दिवसापासून जेवण बंद केलं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी ताक, रात्री काही नाही. पहाटे कॅनव्हासचे बूट घालून घोडनदीच्या वाळूतून पळायचो. पळणं कसलं, पाय रुतायचे आणि छातीत भाता चालायचा. बायको म्हणायची, "अहो, निदान अर्धी भाकरी तरी खा." मी तिच्यावर ओरडायचो. भुकेनं डोकं इतकं तापायचं की हिशोबात चुका व्हायला लागल्या. आठवडा काढला असेल-नसेल, एका दुपारी यार्डात कांद्याचं वजन चाललेलं असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी थेट पोत्यांवर कोसळलो.

शुद्धीवर येताना पहिला आवाज ऐकू आला तो एका हमालाचा. "आरं उचला रं दिवाणजींना. ह्ये पोतं काट्यावर घ्यायचं ऱ्हायलंय." आणि सगळा यार्ड हसला. एकानं पाणी मारलं, दुसऱ्यानं गुळाचा खडा तोंडात घातला. त्या रात्री मी चार भाकरी खाल्ल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस खातच राहिलो.

माझ्या पडण्याची बातमी दौंडला पोचली. साडू रजेच्या दिवशी एसटीनं मला बघायला आला. दारात उभा राहिला तेव्हा मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते पोटाकडे. पट्टा आत सरकला होता.

"उपाशी राहून काय होतंय साडूभाऊ?" तो कळवळून म्हणाला. "मी दोन्ही वेळा जेवतो. डॉक्टरांनी सांगितलंच तसं. एक भाकरी कमी, भाजी दुप्पट. डब्यात मेथी, मटकीची उसळ. स्टेशनावरचे वडे बंद, बिनसाखरेचा चहा. पहिल्यांदा काढ्यागत लागला, आता चालतो. आन् गाडी लूपला, बाजूच्या रुळावर, उभी राहिली की माझ्या ब्रेकच्या डब्यापासनं इंजिनापर्यंत चालत जायचं आन् परत. ड्रायव्हर म्हणतोय, गार्डसाहेब, आज ह्यो तुमचा कितवा फेरा? वजन उतरतंय मुंगीच्या पावलानं. पण उतरतंय."

हे त्यानं माझ्या भल्यासाठी सांगितलं. मला मात्र प्रत्येक शब्द टोचत होता. याला जमतं आणि मला नाही? वयानं हा लहान, लग्नही माझ्यानंतरचं, जावई म्हणून वागायला शिकला तो माझ्याकडे बघून, आणि आता हा मला जेवायचं कसं ते शिकवणार? बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, "बघा, पाव्हण्यांचा चेहरा कसा उजळलाय." तिनं सहज म्हटलं होतं. ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. आरशापुढे उभा राहिलो की आठवायचं, घास घेताना आठवायचं. त्याला ताप यावा, निदान पाय मुरगळावा, असले विचार मी केले आहेत.

धोंड्याचा महिना म्हणजे आमचा अधिक महिना. दर तीन वर्षांनी येतो, आणि त्यात लेक-जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात. धोंडा म्हणजे कणकेचा उंडा, आत पुरण, वर तुपाची धार. शिवाय तेहतीस अनारशांचं वाण. त्या वर्षी महिना संपता संपता आम्हा दोघा जावयांना एकदमच यवतला बोलावणं आलं. साडूची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. रजा दुसरी मिळत नव्हती आणि मामींचं बोलावणं मोडणं त्याच्यानं होत नव्हतं.

जेवणाआधी त्यानं मला ओट्यावर बाजूला घेतलं. कमरेत आत घेतलेली पँट, गळ्याची हाडं दिसायला लागलेली, चालण्यात एक हलकेपणा. मी ते सगळं मोजत होतो.

"साडूभाऊ, आज मला सांभाळून घ्या," तो म्हणाला. "उद्या सकाळी लघवी तपासणार. मी एक धोंडा खाईन, मामींचा मान म्हणून. पण थोरला जेवत असताना धाकट्यानं हात धुतलेला मामांना चालत न्हाई. तुम्ही लवकर 'पुरे' म्हणालात की मी पण सुटलो."

"त्यात काय," मी म्हणालो. "तुम्ही निर्धास्त राहा."

तेव्हा मी हे मनापासून म्हटलं होतं. तेवढं तरी माझ्या बाजूनं लिहितो.

मग मेहुणी आतून एक पिशवी घेऊन आली. "दाजी, यांचे दोन शर्ट आणलेत. नवेच हायेत, पण आता अंगात नुस्ते लोंबत्यात. तुम्हाला बरोबर बसतील."

पोरीच्या मनात काही नव्हतं. पण मामी हसल्या आणि म्हणाल्या, "आगं, त्यास्नी बी घट्ट हुतील!" माझी बायकोसुद्धा हसली. धाकट्या साडूचे टाकलेले शर्ट थोरल्यानं घालायचे, आणि तेही घट्ट. मी पिशवी घेतली, बरं म्हणालो, आणि पाटावर जाऊन बसलो.

पहिला धोंडा झाला. मामी साडूकडे बघून कौतुक करत होत्या. "आमचं धाकटं पावनं शिनेमातल्यावानी दिसाया लागलंय." साडूनं माझ्याकडे पाहिलं. आता मी 'पुरे' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "मामी, पाव्हण्यांच्या ताटात काहीच नाही. वाढा की."

त्याला आधी वाटलं मी चेष्टा करतोय. तो हसून ताटावर हात आडवा धरून बसला. मी तो हात माझ्या हातानं बाजूला केला. "वाणाचा धोंडा नाकारत नसतात. लेकीला कमी पडतं." हे ऐकल्यावर मामींचा चेहरा लगेच बदलला आणि त्यांनी वाढलं. मग तिसरा मी माझ्या ताटाजवळच्या वाडग्यातून स्वतः वाढला, वर तुपाची वाटी उपडी केली. "थोरल्याच्या हातचा आहे. माझी शपथ आहे तुम्हाला." मामा मांडीवर थाप मारून म्हणाले, "ह्याला म्हनत्यात आग्रह!" सगळं घर खूश होतं.

साडूनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. आपण चुकीच्या दारात आलो की काय, असं माणूस पाहतो ना, तसं. मग त्यानं मान खाली घातली आणि खाल्लं. वाढलं तेवढं खाल्लं, नंतर अनारसेही खाल्ले. मी मुद्दाम हळूहळू जेवत राहिलो, म्हणजे त्याला उठता येऊ नये.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं तो दौंडला गेला.

पुढच्या शनिवारी मामा शिरूरच्या बाजाराला आले तेव्हा आडतीवर टेकले. "धाकट्याला लाइनवरनं उतरावलं," ते म्हणाले. "पार्सल कचेरीत टाकलाय. नळीत औषध घालून उकळलं तर रंग निळ्याचा पार विटकरी झाला म्हनं."

मला पहिल्यांदा काय वाटलं? हलकं वाटलं. त्या रात्री जेवणाला चव आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात तोंड दिसलं आणि वस्तरा तसाच खाली ठेवला.

काही दिवसांनी मी दौंडला गेलो. तो पार्सल कचेरीत मोठ्या काट्याजवळ उभा होता, खोकी आणि गाठोडी चढवून वजनं सांगत होता. मला पाहून हसला. "या साडूभाऊ, चढता का काट्यावर? इथं नाणं लागत न्हाई. भविष्य मात्र मिळत न्हाई." मग बाहेर आला आणि फलाटाच्या कडेनं चालू लागला. तेवढ्यात एक मालगाडी समोरून गेली. शेवटच्या डब्यातल्या गार्डनं झेंडा हलवला. यानंही हात वर केला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो खाली घेतलाच नाही.

मी म्हणालो, "त्या दिवशी माझा आग्रह जरा जास्तच झाला."

"आग्रह तर मामींचाही होता," तो म्हणाला. "घरोघरी असतो. दिवाळीनंतर पुन्हा तपासणार आहेत. मी चालतोय. गाडी न्हाई तर फलाट."

त्यानं मला सोडवलं होतं, आणि मी स्वतःला सोडवून घेतलं. गाडीत बसल्यावर कळलं की माफी म्हणून मी फक्त आग्रहाबद्दल बोललो होतो. हेवा माझ्याजवळच राहिला होता.

दिवाळीनंतरच्या तपासणीत नळी निळीच राहिली आणि साडू पुन्हा गाडीवर गेला, हे इथंच सांगून टाकतो. त्यात माझा काडीचाही वाटा नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही वेळा जेवून, घोडनदीच्या पुलापर्यंत सावकाश चालून मीही पुढे वजन उतरवलं. वर्ष लागलं. पण हे सगळं नंतरचं.

त्याआधी, दिवाळीच्या पाडव्याला, आम्ही पुन्हा यवतला पंगतीला बसलो. मामी करंज्यांचं ताट घेऊन आल्या. मला दोन वाढल्या आणि साडूपुढे थांबल्या. "पावनं, तुमास्नी न्हाई वाढत. खान्यापायीच तुमची लाइन गेली."

मामा हसले. "मानसाचा जिभंवर ताबा पायजे. आमच्या थोरल्याचं बघा, खात्यात पन पचवत्यात."

साडूनं पाण्याचा तांब्या उचलला आणि शांतपणे पाणी प्याला. मेहुणी दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती. म्हणजे तिला माहीत होतं. दोघांनाही पहिल्यापासून माहीत होतं, आणि तीन महिने त्यांनी अधाशीपणाचा बट्टा आपल्या अंगावर घेतला होता.

मी करंजी ताटात ठेवली.

"मामा, यांचा जिभेवर ताबा होता," मी म्हणालो. "त्या दिवशी ओट्यावर यांनी मला हात जोडून सांगितलं होतं, उद्या तपासणी आहे, मला सांभाळा. मी हो म्हणालो. आणि मग शपथ घालून खायला लावलं. माया म्हणून नाही. हे बारीक झालेले मला बघवत नव्हते. यांचं बिघडावं म्हणून मी वाढलं."

मामींच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

मी साडूकडे वळलो. तो मान हलवून नको नको म्हणत होता. वयानं, नात्यानं मी थोरला. मी उष्ट्या हातानंच त्याच्या पायाला हात लावला.

"पाव्हणं," मी म्हणालो, "मी जळत होतो तुमच्यावर. मला माफ करा."