काटेबाईंचा शेरा

काटेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सहा वर्षं कचरा मोजायच्या शेडमध्ये वजनकाट्यापुढे बसल्या म्हणून ते चिकटलं, आणि स्वभावही तसाच काटेकोर, म्हणून सुटलं नाही. दर वर्षी ठरलेल्या आठवड्यात त्याच शंभर घरांचा कचरा त्यांच्यापुढे ओतला जाई. त्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेष्टनं, डबे, बाटल्या वेगळ्या काढायच्या, वजन करायचं, तक्त्यात लिहायचं. कायदा असा होता, की जो माल प्लॅस्टिकात बांधून विकतो त्यानंच तो कचरा कमी करून दाखवावा. त्यानं तो खरंच कमी केला की नुसती तोंडाची वाफ दवडली, हे सांगणारा आकडा या बाईंच्या हातचा.

पहिल्या वर्षी शहाण्णव किलो भरले. दुसऱ्या वर्षी त्र्याहत्तर, आणि पुढे दर वर्षी सत्तरच्या आसपास. योजना यशस्वी झाल्याची बातमी छापून आली. बाईंनी ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बाहेरून चिकटवलं असतं तर नवऱ्यानं दिवसातून चारदा चिडवलं असतं.

सहाव्या वर्षी मोजणीच्याच आठवड्यात शेडचा पंप बिघडला. नळ कोरडा. बाईंनी ढीग तसाच काट्यावर चढवला आणि वजन भरलं पंच्याण्णव किलो. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "लोकांना जरा सूट दिली की लगेच डोक्यावर बसतात," असं म्हणत त्यांनी शंभरही घरांचा उद्धार केला. बिचारी घरं!

संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "आज केसांना वास येतोय तुझ्या. त्या पहिल्या वर्षीसारखा." तो बसदुरुस्तीतून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर डिझेलमध्ये बुडालेला, पण नाक मात्र राजाचं.

"नळाला पाणी नाही. काही धुता आलं नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा घास हातातच राहिला.

पहिल्या वर्षी प्लॅस्टिक जसं आलं तसं त्यांनी तोललं होतं: पिशवीत उरलेल्या दुधासकट, डब्यातल्या चिकट सॉससकट, बाटलीतल्या पाण्यासकट. मग नवऱ्यानं वासावरून नाक मुरडलं, शेडमध्ये मुंग्यांनी संसार थाटला, आणि दुसऱ्या वर्षापासून बाई एकेक वेष्टन टबात विसळून दोरीवर वाळवू लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. वरच्या कार्यालयातले लोक उंटावरून शेळ्या हाकणारे. शेडकडे फिरकतंय कोण?

तिसऱ्या दिवशी पाणी आलं. बाईंनी तोच ढीग धुतला, वाळवला, काट्यावर ठेवला. सत्तर. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवला. सत्तरच. मग त्या उपड्या बादलीवर बसून राहिल्या. त्यांना लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त भीती. चार वर्षं कंपन्यांनी कमी केलेला कचरा शेडच्या मोरीतून वाहून गेलेला होता.

"म्हणजे माझ्या नाकानं पंचवीस किलो कचरा कमी केला?" घरी नवरा म्हणाला. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यानंही थट्टा सोडली. मग म्हणाला, "सांगायलाच हवं का? सगळे तुलाच हसतील."

"पुढच्या आठवड्यात नियम ठरवायची बैठक आहे. हाच आकडा गेला तर कंपन्यांना अजून पाच वर्षं काही नवीन करायला नको. हसू देत."

तक्त्यात शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. सहा वर्षांत तो कधी भरला नव्हता. बाईंनी त्यात बारीक अक्षरात लिहिलं: धुण्याआधी पंच्याण्णव, धुतल्यावर सत्तर. पहिल्या वर्षी धुतलं नव्हतं. चूक माझी.

वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी तो शेरा दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. त्यांचा चेहराच उतरला. "बाई, पाच वर्षांचे अहवाल गेलेत यावर. सही माझी आहे."

"पहिल्या वर्षीच्या वजनात लोकांचं दूध होतं, साहेब. ते कंपन्यांनी नाही कमी केलं. मी केलं."

"बघतो मी," साहेब म्हणाले आणि तक्ता खणात ठेवला. खण बंद झाल्याचा आवाज बाईंना घरी पोचेपर्यंत ऐकू येत होता.

अहवाल आला. शहाण्णववरून सत्तर किलो, योजना यशस्वी, पुढची पाच वर्षं नियम तेच. शेऱ्याचा कुठे मागमूस नव्हता. सोबत बाईंना पत्र: आपण थकला असाल, यापुढे विश्रांती घ्यावी.

बाई शेडची किल्ली द्यायला गेल्या. काट्यापुढे एक तरुण बाई बसली होती, बाह्या सरसावलेली, कोपरापर्यंत ओली. दोरीवर वेष्टनं वाळत होती. भिंतीवर नवी पाटी होती: मोजणीपूर्वी सर्व प्लॅस्टिक स्वच्छ धुऊन वाळवावे.

"तुम्हीच ना काटेबाई?" ती उठून उभी राहिली. "या ना, बसा. साहेब म्हणाले, ही पद्धत तुमचीच आहे."