आडवी बाटली

गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान घेता येतं, हे अक्काला अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अक्का माझी थोरली बहीण, आम्ही दोघी एकाच गावात दिलेल्या. दाजींचं लिव्हर गेलं होतं. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले होते, आता थेंब जरी घेतला तर माणूस हाती लागायचा नाही. आणि दुकान तर घरापासून हाकेच्या अंतरावर.

भादव्यात अक्कानं दारोदार फिरून सह्या घेतल्या. पायाला भिंगरी होती नुसती. अर्ज गेला, आणि साहेबलोकांनी तारीख दिली ती आम्ही ऊसतोडीला गेल्यावर. अर्धं गाव फडात, आणि ह्यांचं मतदान.

अक्काचा फोन आला. "एक दिस ये गं. मुकादमाच्या पाया पड."

"अक्के, माझ्या एका मतानं काय व्हतंय? जी आली न्हाई ती हिशेबातच न्हाई. गावात उभ्या बाटलीला कोण मत देणार हाय?"

सरपंचाच्या निवडणुकीत तसंच असतं, म्हणून मी ठासून सांगितलं. कारखान्याच्या डिस्टिलरीतून मळीचा आंबूस वास फडापर्यंत येत होता. फोन ठेवला आणि मोळी बांधायला वाकले.

मोजणीत जवळजवळ सगळे शिक्के आडव्या बाटलीवर निघाले. बायकांनी गुलाल उधळला. मग अधिकारी म्हणाले, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत, न आलेल्या धरून. नऊ कमी पडली. आमच्या एका टोळीतच चौदा बायका होत्या. कायदा करणाऱ्यांना फड माहीत नसेल, पण मला नीट विचारून घ्यायला काय धाड भरली होती?

दाजी होळीच्या आधी गेले. मी फडातून थेट मातीला पोचले. तो फोन आठवला की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एकदा मतदान फसलं की वर्षभर अर्ज करता येत नाही. वर्ष सरलं, आम्ही पुढच्या तोडीवरून परतलो आणि अक्का सह्यांचा कागद घेऊन माझ्या दारात आली. मला राहवलं नाही. म्हटलं, "आता कुणासाठी गं? दाजी तर गेले."

ओसरीवर माझा नवरा भरदुपारी पिऊन पडला होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"तुझा हाय की अजून," ती म्हणाली.